बाबांच्या २०१४ च्या गाडीतला नकाशा अपडेट करून घ्यावा का?

गंगापूररोडकर | ७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जुन्या गाडीतल्या कंपनी-फिटेड नेव्हिगेशनचा आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

बाबांची २०१४ ची सेडान आहे. टॉप मॉडेल, डॅशबोर्डमध्येच नकाशाचा स्क्रीन. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत. गाडी स्वतः चालवतात आणि उत्तम चालवतात. मोबाइलवर नकाशा बघणं त्यांना जमत नाही. अक्षरं बारीक वाटतात, आणि ऐन चौकात कुणाचा तरी फोन आला की रस्ता झाकला जातो. या स्क्रीनवर मात्र त्यांचा अकरा वर्षांचा विश्वास आहे. कल्याणची आत्या, पुण्यातला मामा, वणीचा पायथा, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात सेव्ह केलंय.

भाऊबीजेला आई-बाबा नाशिकहून कल्याणला निघाले. मीच म्हटलं, कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकण्यापेक्षा इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढा आणि थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरा. समृद्धीवर चढल्यापासून स्क्रीनवरचा बाण कोऱ्या जागेतून चालायला लागला. 'शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या' ही सूचना सारखी येत राहिली. मोठा बोगदा संपल्यावर बाणाने उडी मारली आणि तो जुन्या हायवेवर जाऊन बसला. आई म्हणत होती, आवाज बंद करा. पण बाबांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. शहापूरजवळच्या इंटरचेंजला त्यांनी गाडी खाली उतरवली. अंधार पडलेला, रस्ता अनोळखी. विचारत विचारत पोचायला तासभर जास्त लागला.

पोचले सुखरूप. पण रात्री फोनवर बाबा म्हणाले, "मला वाटलं, मीच विसरायला लागलो की काय." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

सर्व्हिस सेंटरवाले 'लेटेस्ट मॅप'चे ११,५०० रुपये सांगतात. ऑनलाइन एकजण १,२०० रुपयांत तयार एसडी कार्ड पाठवतो म्हणतो. काय करावं?

---

ओझरचा_अभियंता | ७ नोव्हेंबर, रात्री १०:२५

दादा, सगळ्यात आधी बाबांना सांगा की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ते योग्य रस्त्यावर होते आणि उपग्रहही बरोबरच सांगत होते.

गाडीतल्या या यंत्राची दोन अंगं आहेत. 'आपण कुठे आहोत' हे उपग्रहांवरून कळतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह वेळेचा सिग्नल पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की गाडीचं स्थान निघतं. हे काम २०१४ मध्ये जसं चालायचं तसंच आजही चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही की वर्गणी. 'इथे कोणता रस्ता आहे' हे मात्र यंत्रात घातलेल्या एसडी कार्डावरच्या नकाशातून येतं, आणि तो नकाशा ज्या दिवशी बनला त्या दिवशी थांबलेला असतो.

आता बाणाच्या उडीबद्दल. उपग्रहावरून मिळालेलं स्थान थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून यंत्र बाणाला सर्वात जवळच्या माहीत असलेल्या रस्त्यावर ओढून बसवतं. समृद्धी त्याच्या नकाशात नाहीच. मग जुना हायवे टप्प्यात आला की ते तिकडे ओढणार. इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, आत उपग्रह दिसत नाहीत. कंपनी-फिटेड यंत्र चाकांच्या फेऱ्या आणि आतला, वळण ओळखणारा जायरोस्कोप यांच्या आधारे अंदाजाने बाण पुढे सरकवतं. ही सोय साध्या मोबाइलपेक्षा खरंच चांगली आहे. पण जसजसं अंतर वाढतं तसतशी अंदाजातली चूकही साचत जाते. बाहेर आल्यावर यंत्राने ती एकदम दुरुस्त केली आणि बाण भलत्या रस्त्यावर नेऊन ठेवला.

---

रिले_आणि_फ्यूज | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ११,५०० द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: नव्या नकाशातली माहिती कोणत्या वर्षापर्यंतची आहे?

आवृत्तीवर छापलेलं वर्ष आणि आतल्या माहितीचं वर्ष एक नसतं. रस्त्यांचं सर्वेक्षण, मग त्याची जुळवणी, मग त्या विशिष्ट यंत्राच्या फॉरमॅटमध्ये बांधणी, मग कार कंपनीची चाचणी. एवढं होऊन नकाशा बाहेर पडेपर्यंत बराच काळ जातो. आणि गाडी जुनी झाली की कंपनी त्या यंत्रासाठी नकाशे काढणंच थांबवते. तेव्हा 'लेटेस्ट' म्हणजे 'आजचा' असं समजू नका. त्या यंत्रासाठी निघालेला शेवटचा, एवढाच त्याचा अर्थ.

नकाशाचं वय काढायची माझी पद्धत सांगतो. सेटिंगमधल्या नंबरावर मी विसंबत नाही. ज्याच्या उद्घाटनाची तारीख पक्की माहीत आहे असा रस्ता नकाशात शोधतो. आपला नाशिक शहरातून जाणारा लांब उड्डाणपूल २०१३ च्या मध्याला सुरू झाला. मुंबईचा ईस्टर्न फ्रीवेही जून २०१३ चा. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड एप्रिल २०१४. कार्डावर सहसा सगळ्या देशाचा नकाशा असतो, म्हणून उत्तरेकडेही बघायचं. आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे नोव्हेंबर २०१६, जम्मूतला चेनानी-नाशरी बोगदा एप्रिल २०१७, रोहतांगचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२०.

त्यानंतर समृद्धी स्वतःच मोजपट्टी आहे. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२. शिर्डी ते भरवीर मे २०२३. भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४. इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५. शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४. यातला शेवटचा दिसलेला आणि पहिला न दिसलेला रस्ता, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तुमच्या नकाशाचा जन्म झालेला असतो.

पार्किंगमध्ये बसून पंधरा मिनिटांत होतं. करून बघा आणि इथे लिहा.

---

देवळालीकर | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

रिलेभाऊ, फार सुंदर पद्धत. मी निवृत्त माणूस. नोकरीत असताना भारतीय सर्वेक्षण विभागाचे कागदी नकाशे वापरले. त्यांच्याही कोपऱ्यात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असायचं, आणि आधी ते वाचायचं ही आम्हाला सवय लावलेली होती. १७६७ पासून चालत आलेला तो विभाग आहे. कागदावर जे वर्ष समोर दिसायचं ते या स्क्रीनमध्ये मेनूच्या पोटात दडलेलं असतं, म्हणून माणूस फसतो.

आणखी दोन खुणा. तेलंगणा वेगळं दाखवलंय का बघा, ते २ जून २०१४ ला झालं. आपल्या शेजारचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा.

नावांचंही लक्षात असू द्या. जुन्या यंत्रात छत्रपती संभाजीनगर टाइप केलं तर ते 'सापडत नाही' म्हणणार, त्याला औरंगाबादच द्यावं लागतं. धाराशिवसाठी उस्मानाबाद, अहिल्यानगरसाठी अहमदनगर. रस्त्यांच्या क्रमांकांचं तसंच. आपला मुंबई-आग्रा रोड तेव्हा एनएच ३ होता आणि पुणे रोड एनएच ५०. २०१० च्या नव्या क्रमवारीनंतर नाशिकहून मुंबईकडे १६० आणि धुळ्याकडे, तसंच पुण्याकडे ६० असे क्रमांक आले. पाट्यांवर ६० आणि स्क्रीनवर ५० असं दिसलं की अनोळखी ड्रायव्हर गोंधळतोच. माझ्या जावयांच्या गाडीत २०१२ चा नकाशा आहे, त्यात अजून जुनेच क्रमांक आहेत.

---

सिडको_सई | ८ नोव्हेंबर, दुपारी १:०५

माझा अनुभव चांगला आहे, तोही सांगते, म्हणजे अपडेट नेहमी वायाच जातं असं कुणाला वाटायला नको.

माझी २०१८ ची गाडी आहे. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा नवा नकाशा फुकट होता. रिकामा पेन ड्राइव्ह आधी गाडीत लावायचा, गाडी त्यावर स्वतःची ओळख आणि आवृत्ती लिहिते. मग तो घरी कॉम्प्युटरला लावायचा. कंपनीचा प्रोग्राम ती ओळख वाचून नेमका आपल्या यंत्राचा नकाशा उतरवून देतो. मग पेन ड्राइव्ह परत गाडीत.

दोनदा अडखळले. पहिल्यांदा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला, गाडीने तो ओळखलाच नाही. मोठे ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) येतात आणि जुन्या यंत्रांना फॅट-३२ च वाचता येतं. ३२ जीबीचा घेतला, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केला, लगेच चाललं. दुसऱ्यांदा, अपडेट सुरू असताना मी इंजिन बंद करून नुसती किल्ली ऑन ठेवली. चाळीस मिनिटांचं काम, पंचविसाव्या मिनिटाला बॅटरी खाली आली आणि स्क्रीन बंद पडला. नशिबाने तिथूनच पुढे सुरू झालं, पण तेवढा वेळ माझे हातपाय गार पडले होते. इंजिन चालू ठेवूनच करा. आणि इंजिन चालू ठेवायचं तर गाडी मोकळ्यावर उभी करा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नको. बंद जागेत धूर साचतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीवावर बेततो.

---

रिले_आणि_फ्यूज | ८ नोव्हेंबर, दुपारी २:२०

सईताईंनी पुरवणी छान दिली. त्यात एक जोडतो. कधी कधी नव्या नकाशाला यंत्राचं सॉफ्टवेअरही नवं लागतं. दोन्ही फाइल आल्या असतील तर आधी सॉफ्टवेअर, मग नकाशा. आणि मध्ये तार हलवू नका. सॉफ्टवेअर अर्धवट राहिलं तर रेडिओ आणि रिव्हर्स कॅमेरासुद्धा जातो, मग पूर्ण यंत्र खोलावं लागतं.

१,२०० च्या कार्डाबद्दल स्पष्ट सांगतो: घेऊ नका. प्रत्येक एसडी कार्डाला कारखान्यातच एक ओळख क्रमांक कोरलेला असतो, तो साध्या कॉपीने बदलत नाही. बऱ्याच गाड्यांतला नकाशा त्या क्रमांकाशी किंवा गाडीच्या १७ अक्षरी चासी नंबराशी बांधलेला असतो. म्हणून मूळ कार्ड कॉपी करून दुसऱ्या कार्डावर टाकलं तर ते चालत नाही. स्वस्त कार्डवाले हे कुलूप तोडलेली फाइल देतात. ती चोरीची, वर त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. माझ्याकडे अशा कार्डाने अडकलेले दोन स्क्रीन आले. एक वाचला, दुसऱ्याचं मदरबोर्ड बदलावं लागलं.

आणि मूळ कार्ड जपा, गंगापूररोडकर. ते हरवलं तर नुसता नकाशाच जात नाही, कित्येकदा नवं मिळायचं बंदच झालेलं असतं. कधी 'कार्ड घाला' असा संदेश यायला लागला तर घाबरू नका. कार्ड काढून त्याचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा, वाळू द्या आणि परत लावा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच भागतं. मुलांनी कॅमेऱ्यात वापरायला काढून फॉरमॅट केलेली कार्डं घेऊन लोक येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तिथे माझ्या हातात काहीच उरलेलं नसतं.

---

महामार्ग_सारथी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मी नाशिक-मुंबई विमानतळ टॅक्सी चालवतो, आठवड्यातून पाच फेऱ्या. आत्ताच आलो, वाचलं, राहवलं नाही म्हणून लिहितो.

भाऊ, तुमच्या बाबांसारखे ड्रायव्हर मला समृद्धीवर दर आठवड्याला दिसतात. एक्झिटच्या पाटीजवळ गाडी हळू करतात, इंडिकेटर लावतात, काढतात. मागून जोरात गाड्या येत असतात. चूक झाली तर पैसे जाण्याची भीती नाही. तिथे टोल अंतरावर असतो, जिथे उतराल तिथपर्यंतचाच कापतो. एक एक्झिट चुकलं तर सरळ पुढच्याला उतरायचं, एवढं बाबांना सांगा. थांबायचं नाही आणि मागे तर अजिबात घ्यायचं नाही.

दुसरं, घरून निघताना कागदावर ओळीने लिहून घ्या: कुठे चढायचं, मध्ये कोणती एक्झिट सोडायची, कुठे उतरायचं. मी वीस वर्षं असंच करतो. नकाशा वापरतो तोही मुख्यतः पुढे ट्रॅफिक किती आहे ते बघायला. गाडीतला नकाशा कितीही नवा केला तरी घाटात ट्रक उलटलाय हे त्याला कळत नाही. २०१५ च्या सिंहस्थात द्वारका, आडगाव नाका, नाशिकरोड, सगळीकडे वळवलेले रस्ते होते. २०२७ ला परत तेच होणार. तेव्हा कार्डावरच्या नकाशावर चालणारा माणूस बॅरिकेडसमोर जाऊन उभा राहील.

---

गंगापूररोडकर | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी बाबांना घेऊन खाली गाडीत बसलो आणि रिलेभाऊंनी सांगितलेली नकाशाची परीक्षा घेतली. ओझरच्या अभियंत्यांचं उत्तर आधी त्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे बाण चुकला होता, मी नाही." त्यानंतर त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. चष्मा लावून स्वतःच शोधत होते.

निकाल असा. आपला उड्डाणपूल आहे. ईस्टर्न फ्रीवे आहे. सांताक्रूझ-चेंबूर नाही. तेलंगणा नाही, हैदराबाद अजून आंध्रातच आहे. पालघर ठाण्यात. पुणे रोडवर ५० लिहिलंय. म्हणजे माहिती २०१३ च्या मध्यापासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंतची. गाडी घेतली त्या दिवसाचाच नकाशा, त्यानंतर काही झालंच नाही.

उद्या सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांच्या नव्या नकाशाचीही हीच परीक्षा घेतो.

---

पाथर्डी_फाटा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

विषयाला जोडूनच विचारतो. माझ्याकडे २००७ ची बाहेरून आलेली सेकंडहँड गाडी आहे. तिच्यात भारताचा नकाशा कधी नव्हताच, फक्त घड्याळ आणि रेडिओसाठी स्क्रीन वापरतो. काही आठवड्यांपूर्वी घड्याळाची तारीख एकदम मागे गेली. आज स्क्रीनवर '२७ मार्च २००६, सोमवार' दिसतंय. बॅटरी बदलली तरी तेच. नकाशा अपडेट केला तर हे सुधारेल का?

---

ओझरचा_अभियंता | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

वार बरोबर आणि तारीख चुकीची, यातच उत्तर आहे. आज सोमवारच आहे.

जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा क्रमांक दहा बिटमध्ये (० किंवा १ अशा दहा अंकांत) पाठवला जातो, म्हणून तो ० ते १०२३ एवढाच मोजता येतो. १,०२४ आठवडे, म्हणजे साधारण १९.६ वर्षं झाली की मोजणी परत शून्यावर येते. अशी फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ ला पूर्ण झाली, पुढची नोव्हेंबर २०३८ मध्ये. 'आत्ता कितवी फेरी चालू आहे' हे यंत्राच्या सॉफ्टवेअरला स्वतः ठरवावं लागतं. काही जुनी यंत्रं ते आपल्या सॉफ्टवेअरच्या जन्मतारखेवरून ठरवतात. त्या तारखेला १,०२४ आठवडे उलटले की ती मागच्या फेरीत जातात. आजच्या तारखेतून १,०२४ आठवडे वजा करा, बरोबर २७ मार्च २००६ येते. पूर्ण आठवडे वजा झाले म्हणून वार बदलला नाही.

जानेवारी २०२२ मध्ये परदेशातल्या काही जुन्या गाड्यांची घड्याळं वीस वर्षं मागे जाऊन २००२ दाखवायला लागली होती, ती गोष्टही याच जातीची.

नकाशा बदलून हे जाणार नाही, ते सॉफ्टवेअरचं काम आहे. तुमच्या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर निघालेलं नसेल तर मेनूत 'जीपीएसवरून वेळ घ्या' हा पर्याय बंद करून वेळ हाताने लावता येते का बघा.

---

पाथर्डी_फाटा | १० नोव्हेंबर, सकाळी ११:२०

पर्याय सापडला! तारीख हाताने लावली, टिकली. गेले महिनाभर इलेक्ट्रिशियनकडे फेऱ्या मारत होतो. खूप धन्यवाद.

---

गंगापूररोडकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:५५

सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. तिथला मुलगा प्रामाणिक निघाला. योगायोगाने तोच नवा नकाशा टाकलेली आमच्याच मॉडेलची एक गाडी सर्व्हिसिंगला आली होती. त्याने मालकांना फोन करून विचारलं आणि मला तिचा स्क्रीन दाखवला.

सांताक्रूझ-चेंबूर आहे. तेलंगणा आहे. चेनानीचा बोगदा आहे. अटल बोगदा नाही. शिर्डीजवळ समृद्धीची एक रेघही नाही. मुलाला विचारलं, यापुढची आवृत्ती? तो म्हणाला, या यंत्रासाठी ही शेवटची, नंतर निघालीच नाही.

म्हणजे ११,५०० देऊन नकाशा २०१७ ते २०२० च्या मधला मिळणार, आणि भाऊबीजेच्या रात्री बाबा जिथे अडकले तिथे बाण पुन्हा कोऱ्या जागेतूनच चालणार. नाही घेतला.

पूर्ण स्क्रीनच बदलून मोबाइल जोडता येणारा बसवावा असंही मनात आलं. पण आमच्या गाडीत एसीचं तापमान आणि रिव्हर्स कॅमेरा त्याच स्क्रीनवर दिसतो. तो काढला तर काय काय बंद पडेल?

---

रिले_आणि_फ्यूज | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

एसी स्क्रीनवर असेल तर बदलू नका असाच माझा सल्ला. साध्या डबल-डिन मापाचा (कार स्टिरिओचं एक ठरलेलं माप) सुटा स्टिरिओ असता तर मीच म्हटलं असतं की बदला, फ्रेम आणि स्टिअरिंगच्या बटणांसाठीचा कॅनबस अडॅप्टर (गाडीचे आतले संदेश नव्या स्टिरिओला कळवणारा जोड) चांगला घ्या, तारा कापू नका, कपलरनेच जोडा. पण एसीशी बांधलेला स्क्रीन काढला की एकामागोमाग एक गोष्टी निघतात. अकरा वर्षांच्या गाडीत प्लास्टिकच्या क्लिपाही मोडतात आणि मग डॅशबोर्ड आयुष्यभर वाजत राहतो.

---

सिडको_सई | १० नोव्हेंबर, रात्री १०:१०

एक सुचवू का? बाबांची तक्रार दोनच गोष्टींची आहे, बारीक अक्षरं आणि मध्येच येणारा फोन. घरात कुणाचा जुना, मोठ्या स्क्रीनचा मोबाइल पडून असेल तर त्यात सिमच घालू नका. जीपीएसला सिम लागत नाही. घरच्या वायफायवर नाशिक, ठाणे, कल्याण, पुणे, शिर्डी एवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. अक्षरं मोठी करा. फोन येणारच नाही, म्हणजे रस्ता झाकला जाणार नाही. ट्रॅफिक बघायचं असेल तेव्हा आईंच्या फोनवरून हॉटस्पॉट. ऑफलाइन नकाशा अधूनमधून वायफायवर ताजा होऊ द्यायचा. हाही एक अपडेटच झाला, पण फुकट आणि घरच्या घरी.

माझ्या सासऱ्यांना असंच करून दिलंय. ते त्याला 'गाडीचा फोन' म्हणतात आणि गाडीतच ठेवतात.

---

महामार्ग_सारथी | ११ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

सईताई, एकदम बरोबर. फक्त फोन उन्हात काचेजवळ लावू नका, एप्रिल-मेमध्ये तापून बंद पडतो. एसीच्या जाळीवर होल्डर लावा, हवा लागते. हातात धरून तर अजिबात नाही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात मोबाइल फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. ठिकाण निघण्यापूर्वीच टाकायचं.

आणि जुन्या स्क्रीनचा रस्ता सांगणारा आवाज बंद करा. दोन आवाज दोन रस्ते सांगायला लागले तर बाबांचं पुन्हा तेच होईल.

---

देवळालीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

गंगापूररोडकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्ही जवळपास एकाच वयाचे. मी त्यांच्यासाठी नाशिक-कल्याणचा हाताने एक तक्ता काढलाय. डावीकडे किलोमीटर, मध्ये रस्ता, उजवीकडे खूण. इगतपुरीचं चढणं, बोगद्याचं तोंड, बोगदा संपला की पुढे काय दिसतं, शहापूरच्या एक्झिटवर मोठ्या अक्षरांत 'इथे उतरायचं नाही' आणि शेवटी आमणे. गेल्या महिन्यात मी स्वतः तिकडून गेलो होतो, तेव्हा गाडीच्या मीटरवर अंतरं मोजून घेतली होती. निरोप पाठवा, फोटो धाडतो.

---

गंगापूररोडकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बहिणीचा जुना मोबाइल मिळाला. सिम काढलं, नकाशे उतरवले, अक्षरं सगळ्यात मोठी केली. जुन्या स्क्रीनचा आवाज बंद. तो स्क्रीन मात्र चालूच ठेवलाय, बाबांना दिशा आणि सेव्ह केलेली नावं त्यावर बघायची असतात. मूळ कार्ड आहे तसंच आत आहे. देवळालीकर काकांचा तक्ता बाबांनी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतला आणि त्यात पेट्रोल पंपाच्या दोन खुणा वाढवल्या.

आधी मी शेजारी बसून शिर्डीला जाऊन आलो. मग काल रविवारी आई-बाबा दोघंच कल्याणला गेले. बोगद्यात मोबाइलचा बाण थांबला, तेव्हा आईने वहीतून वाचून दाखवलं. शहापूरची एक्झिट आली तेव्हा बाबा डाव्या लेनमध्येसुद्धा गेले नाहीत. आमण्याला उतरले आणि आत्याच्या दारातून फोन केला.

देवळालीकर काका, बाबा विचारतायत, पुणे रोडचा तक्ता काढायला घेतलात तर सिन्नर, संगमनेर आणि नारायणगावचे बायपास ते स्वतः मोजून आणतील. चालेल का?

---

देवळालीकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

चालेल. त्यांना म्हणावं, शिंद्याच्या टोलनाक्यावर मीटर शून्य करून घ्या, तिथून मोजू.